वॉकर धरून चालणाऱ्यांसाठी फिटनेस बँड: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅटरी, स्क्रीन, ॲप सगळं ठीक आहे, त्यावर लिहीत बसत नाही. मुख्य तक्रार एकच: वॉकर धरून चाललं की हा बँड पावलं मोजत नाही. सर्व्हिस सेंटरनं बँड बदलून दिला, नव्याचीही तीच तऱ्हा. कारण हा बिघाड नाहीच. आतला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, हाताच्या हेलकाव्यातली लय पकडतो. वॉकरच्या दांडीवर मनगट स्थिर राहतं, त्यामुळे पकडायला लयच उरत नाही. शिवाय बऱ्याच बँडमध्ये काही पावलं लागोपाठ पडल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही. खोलीतून बाथरूमपर्यंतची तुटक पावलं तिथेच गळतात. दिवसभर नेटानं चाललेल्या माणसाला संध्याकाळी इतका कमी आकडा दिसला की त्याची उमेदच जाते. माझा सगळा राग त्यावर आहे.

इथवर रेटिंग एक तारा होतं. मग बँड घोट्याला बांधला आणि मत बदललं. पाय उचलला की धक्का थेट सेन्सरला लागतो, हळू चालीतही आकडा बराच जुळतो. बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या जरा वर बांधा. पट्टा पुरत नसेल तर वेल्क्रोचा लांब पट्टा घ्या. पायावर सूज असेल किंवा मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर मात्र पायाला बांधू नका, पट्टा काचला तरी कळत नाही. तोंडानं मोजत शंभर पावलं चाला आणि बँडशी ताडून पाहा. हे दोनतीनदा करा. अंतर चुकत असेल तर वीस मीटर चालून, त्याला पावलांनी भागून येणारी लांबी ॲपमध्ये भरा. घोट्यावर नाडीचे आकडे भरवशाचे नसतात, ते बघूच नका.

काठीवाल्यांना एवढा खटाटोप नको, काठी नसलेल्या हातात बांधलं की बहुतेक काम होतं.

व्हीलचेअर वापरत असाल तर हा बँड घेऊ नका. ॲपल वॉचमध्ये 2016 पासून, वॉचओएस 3 ही त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती आल्यापासून, व्हीलचेअरची वेगळी सोय आहे: पावलांऐवजी चाकाला दिलेले रेटे मोजले जातात, उभं राहण्याच्या आठवणीऐवजी चाकं फिरवण्याची आठवण येते. हेल्थ डिटेल्समध्ये व्हीलचेअरचा पर्याय चालू करावा लागतो. महाग आहे, पण या बँडमध्ये तसा पर्यायच नाही. वॉकरचाही नाही, म्हणून दोन तारे कापले.