धान्याची हवाबंद पिशवी: सात महिने वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीनंतर शिरपूरहून धान्य साठवायच्या हवाबंद पिशव्या आणल्या होत्या, ५० किलोच्या ६. पाचात मका, एकात दादर ज्वारी. काल शेवटची सोडली म्हणून लिहितोय.

आधी आणल्या का ते सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मका खळ्यावर होता आणि परतीचा पाऊस आला. ताडपत्री होती पण खालून ओल चढली, व्यापारी भाव पाडून मागायला लागला, अण्णा म्हणाले राहू द्या, घरच्या म्हशींना होईल, मग तसाच गोण्यांत भरला. पौषात गोणी सोडली तर कुबट वास, आत हात घातला तर मका गरम, आणि दाणा कणसाला जिथं चिकटलेला असतो त्या टोकाला हिरवट पिवळी भुकटी. आम्ही काय केलं, झटकला, दोन दिवस ऊन दिलं आणि भरडून घातला. आठवड्यात दोन म्हशींनी खाणं टाकलं, दूध निम्म्यावर. डॉक्टरांनी भरडा मुठीत घेऊन वास घेतला आणि आधी तो बंद करायला लावला.

ती बुरशी अ‍ॅस्परजिलस, तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं, भाजून शिजवून जात नाही, लिव्हरवर जातं, आणि जनावरानं खाल्लं की काही भाग दुधात उतरतो, ते दूध उकळूनही उपयोग नाही. धान्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात असाच भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, कावीळ व्हायची, पोटात पाणी व्हायचं, तेच अन्न खाल्लेली गावातली कुत्रीपण मेली. गुजरात आपल्याला काही लांब नाही हो. हे समजल्यावर घरात पोरं दूध पितात ते बघून मला झोप नव्हती.

आता पिशवी. आत प्लास्टिकचे दोन जाड लायनर, बाहेर साधी विणलेली गोणी. दाणे भरायचे, हवा दाबून काढायची, आतल्या लायनरचं तोंड पीळ देऊन दुमडून सुतळीनं बांधायचं, मग दुसऱ्याचं, मग गोणीचं, तिन्ही वेगवेगळी. आतला ऑक्सिजन संपत जातो आणि धान्यातले सोंडे किडे मरतात, औषधाची गोळी टाकावी लागत नाही. काल तळाशी चार-पाच मेलेले सोंडे निघाले, बाकी दाणा खणखणीत, वास एकदम नव्या मक्याचा. दादरची पिशवी संक्रांतीला सोडली होती, आईनं कळण्याची भाकरी केली आणि म्हणाली पीठ अजिबात कडवट नाही.

पण पिशवी धान्य वाळवत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. ओला मका भरला तर ओल आतच कोंडते आणि दाणा खराब होतो. मक्यात ओलावा १३ टक्क्यांच्या आत पाहिजे. घरची युक्ती अशी, कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर सुकं मीठ टाकून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर साधारण १५ टक्क्यांच्या वर ओल आहे, अजून वाळवा. नाही चिकटलं तरी ओलावा मोजायच्या मीटरवर एकदा बघून घ्या, मी घेतलं. आणि शेतातच पाण्याचा ताण पडून नाहीतर अळीनं कणीस पोखरून बुरशी धरली असेल तर ते विष पिशवीनं जात नाही, अशी कणसं मळणीआधीच बाजूला काढा, जनावरालाही घालू नका.

खोट म्हणाल तर उंदीर. एका पिशवीला कोपऱ्यात भोक पाडलं, तिच्यात किडे झाले. त्यामुळं फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. दर आठवड्याला सोडबांध करायची असेल तर ही पिशवी त्या कामाची नाही, घरखर्चाचं वेगळं काढून ठेवा. साध्या गोणीच्या कितीतरी पट महाग आहे पण नीट जपली तर दोन-तीन हंगाम जाते.

घेताना लायनर उन्हाकडे धरून बघा, बारीक भोक असेल तर उजेड दिसतो. माझ्या दोन तशा निघाल्या, दुकानदारानं तिथंच बदलून दिल्या.