चुंबक चिकटला नाही, म्हणून मी फसलो

२१,९५० रुपये, जीपच्या एका डॅशबोर्डपायी. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला चार महिने लागले आणि तेव्हाही मी १४,८०० च सांगितले होते.

माझ्याकडे ७४ सालची महिंद्राची जीप आहे. हाय हूड म्हणजे उंच बॉनेटची, पेट्रोल, पुढची काच बॉनेटवर आडवी पडणारी. ही गाडी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना ठाऊक असेल, काचेच्या फ्रेमखालचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी सरळ डॅशबोर्डच्या मागे उतरतं. आमच्याकडे समुद्र दीड किलोमीटरवर, म्हणजे पाऊस नसेल तेव्हा खारी हवा आहेच. डाव्या हाताला, धरायच्या दांडीच्या बोल्टपाशी, पत्र्यात बोट आरपार जाईल एवढं भोक पडलं होतं. स्पीडोमीटर तर क्लॅम्पवर कमी आणि केबलवर जास्त उभा होता.

गाडीचं सगळं काम बघणारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, सीआर पत्रा घ्या, साधा लोखंडी, अठरा गेज जाडीचा. कंपनीनं पण लोखंडच घातलं होतं ना? झिंक प्रायमर मारू, वर रंग. पन्नास वर्षं टिकला पहिला. दुसरा पन्नास टिकेल, तुम्ही टिकाल का?" त्यांचा आकडा होता ४,२०० रुपये, बसवून.

मी ऐकलं नाही. कारण मी वाचलं होतं. वाचलेला माणूस फसवायला सगळ्यात सोपा, हे मला आता कळलंय.

पण हेही सांगतो की मी डोळे मिटून उडी मारली नव्हती. अ‍ॅल्युमिनियमचा विचार केला होता. हलकं, गंजत नाही, पण बॉडी लोखंडाची, मध्ये खारं पाणी, म्हणजे स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमच आधी पांढरी भुकटी होऊन झडणार. शिवाय ६०६१ सारखा कडक ग्रेड घेतला तर खालची कड वाकवताना तडकतो. वाकवायला ५०५२ हवा, आणि कुठल्याही वर्कशॉपमध्ये ग्रेड विचारला की "अ‍ॅल्युमिनियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम" एवढंच उत्तर मिळतं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, वेल्ड केला की जोडावरचं जस्त जळतं, वर तो धूर छातीत जातो. राहिलं स्टेनलेस. त्यातही ३०४, अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. दीड मिलीमीटर जाडी, हेअरलाइन फिनिश, म्हणजे दुपारचं ऊन डोळ्यांवर फेकणार नाही. खाली रबरी वॉशर घालून बसवायचा. यात मूर्खपणा काय होता, मला अजूनही सांगता येत नाही. मूर्खपणा पुढे झाला.

जुन्या जीपवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा नंबर मिळाला. दुसऱ्या जिल्ह्यातला. फोटो सुंदर, बोलणं त्याहून सुंदर. लेझर कटिंग, सीएनसी बेंडिंग, मीटरची भोकं मापाबरहुकूम. मी जुन्या डॅशचं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून कुरियरनं पाठवलं तर म्हणाला, "सर, एवढं काटेकोर काम करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय." तिथंच पाघळलो. ३०४ चा भाव १४,८०० ठरला, ८,००० आगाऊ, उरलेले ६,८०० माल निघण्याआधी. दोन्ही यूपीआयनं दिले.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर, सर. तुम्ही बघा." अठरा टक्के म्हणजे २,६६४ रुपये. मी बघितलं आणि बिल नको म्हणालो. आता हे वाचून ज्यांना तोंड वाकडं करायचंय त्यांनी करावं, पण गॅरेजचं पक्कं बिल शेवटचं कधी घेतलं होतं ते आधी आठवावं. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन दिलं, त्यात 'एसएस ३०४' लिहिलेलं होतं. माल आला तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं 'एसएस डॅश पॅनेल १ नग'. ३०४ गायब. चिठ्ठी मी वाचली आणि पाकिटात घालून ठेवली. काहीही विकत घेताना ग्रेड कागदावर नसेल तर तो ग्रेड मालातही नाही असं समजा.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी अजून तिथंच जाऊन बसतो.

पैसे पूर्ण देण्याआधी मी मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पत्र्याचा ग्रेड सांगणारा कारखान्याचा दाखला, मागितलं होतं. मागितलं होतं, हे लक्षात घ्या. तो हसला. "सर, एवढ्या तुकड्याला सर्टिफिकेट कोण देतं? थांबा, मी तुम्हाला खात्रीच करून देतो." आणि त्यानं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक, त्याला लाल रिबन बांधलेली. आधी तो टेबलाच्या लोखंडी पायाला लावला, खटकन चिकटला. मग माझ्या डॅशवर ठेवला, तर घसरून खाली. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. "बघा सर, ओरिजनल."

तो व्हिडिओ मी दहा-बारा वेळा पाहिला. बायकोला दाखवला. मिस्त्रींनाही दाखवला, ते फक्त "हं" म्हणाले. आणि उरलेले ६,८०० पाठवून दिले.

चुंबक २०२ या स्वस्तातल्या स्टेनलेसला पण चिकटत नाही हो! २०२ काय, त्याहून हलक्या जे४ लाही नाही. निकेल महाग, म्हणून या पत्र्यांत बरंचसं निकेलचं काम मँगनीजवर भागवलेलं असतं. पोलाद त्यामुळे चुंबकाला दाद देत नाही, गंजाला मात्र देतं. उलट खऱ्या ३०४ ची वाकवलेली कड कधीकधी चुंबकाला किंचित ओढते. म्हणजे ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फोल. हे मला नंतर आमच्या कोपऱ्यावरच्या जिन्याचं रेलिंग करणाऱ्या मुलानं सांगितलं, बारावी नापास. "काका, चुंबकानं काय कळतंय? थेंब टाकून बघायचा ना." बाजारात तपासायच्या द्रवाची एक छोटी बाटली मिळते. पत्र्यावर थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची. मँगनीजवाल्या पत्र्यावर थेंब काही सेकंदांत लाल होतो. त्या मुलानं माझ्यासमोर केलं. कुंकवासारखा लाल.

आणि व्हिडिओच्या एकतिसाव्या सेकंदाला, त्याच्या कोपराच्या मागे, भिंतीला टेकवलेले पत्रे दिसतात. कडेला निळ्या शाईत छापलंय 'जे४'. मी तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला तो पैसे गेल्यावर साडेपाच महिन्यांनी. कुणी चाळीस सेकंदांचा पुरावा पाठवला तर पुरावा सोडा, मागची भिंत बघा.

डॅश बसवला एप्रिलमध्ये. वाहतुकीचे ९५०, जुना पत्रा कापून नवा बसवायची मजुरी ३,५००, वायरिंग नव्यानं ओढायचे २,२००. दिसायला देखणा, खोटं कशाला बोलू. जुलैत स्क्रूच्या भोकांभोवती चहाच्या रंगाचे डाग आले. ऑगस्टमध्ये पेट्रोलच्या काट्याभोवती पूर्ण कडं. पुसलं की जायचं, चार दिवसांनी परत. सप्टेंबरात कडेला बोट फिरवलं तर खरखरीत लागलं.

फोन केला. पहिलं उत्तर, "तुमच्या मिस्त्रीनं जवळ ग्राइंडर चालवला असेल, लोखंडाचे कण बसले." यात तथ्य असतं, तशानं खऱ्या ३०४ वरही डाग येतात, म्हणून मी आठ दिवस बिचाऱ्या मिस्त्रींवर संशय घेत फिरलो. त्याची लाज वेगळीच. दुसरं उत्तर, "समुद्राकाठी ३१६ लागतं सर, मी सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं. सगळे मेसेज आहेत माझ्याकडे. तिसरं उत्तर आलंच नाही, ब्लॉक.

मग ५०० रुपये देऊन एका लॅबमध्ये मशीन लावून घेतली. क्रोमियम १४.९, मँगनीज ९.४, निकेल १.१. आठाच्या जागी एक! आणि या सगळ्यात त्यानं वाचवलं किती? माझ्या डॅशला वाकवण्याआधी जेमतेम पावणेसात किलो पत्रा लागला असेल. दोन ग्रेडमधला फरक हजाराच्या आतला. त्यानं मोकळेपणानं मागितला असता तर मी दिला असता. हजार रुपयांसाठी माझा एक पावसाळा घालवला.

आता आपल्या यंत्रणांची कथा. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी डॅशचे फोटो पाहिले, म्हणाले, "काका, स्टीलचं मागितलं, स्टीलचं आलं. यात फसवणूक कुठंय?" लॅबचा कागद पुढे केला. तो त्यांनी उलटा धरला, मग सुलटा, मग परत दिला. साहेब म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, एक सांगून दुसरं देऊन पैसे घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात बसतं, म्हणजे पूर्वीचं चारशेवीस. "मग तुम्हीच वकील आहात की," म्हणाले, आणि आरोपी दुसऱ्या हद्दीतला म्हणून तिकडे जायला सांगितलं. तिकडे म्हणजे एकशे साठ किलोमीटर. तिकडचे म्हणाले पैसे जिथून पाठवले तिथं जा. शेवटी इथंच अर्ज दिला. आवक शिक्का मारून घ्यायलाच दीड तास. शिक्क्याशिवाय कुठूनही उठू नका.

ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर बाई फार गोड बोलल्या. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माल मिळालाय, म्हणून हे आमच्यात बसत नाही. तक्रार नोंदवायच्या दुसऱ्या एका खिडकीवर क्रमांक मिळाला, अठरा दिवसांनी मेसेज आला, 'तक्रार निकाली'. काय निकाली? कोणी काढली? पुन्हा फोन केला तर म्हणे विक्रेत्यानं प्रतिसाद दिला नाही म्हणून बंद केली. म्हणजे चोरानं दार उघडलं नाही म्हणून पोलीस घरी गेले.

आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, बिल आहे का? अहो, विकल्यावर बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे! ज्याच्याबद्दल तक्रार करायची तोच कागद आणल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. हे मी टेबलापलीकडच्या माणसाला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण बिल?"

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, त्याच्या गावी जायला लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, तेव्हा माझ्यासारखं लाजेपोटी गप्प बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजच्या नुसत्या प्रिंट नेऊन भागत नाही, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाखालचं, प्रिंट अस्सल असल्याचं प्रमाणपत्र जोडायला लागतं, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

मिस्त्रींनी सीआर पत्र्याचा डॅश बनवलाय. ४,२०० च घेतले, वर एक शब्द बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परवा एकानं मला त्या माणसाचा नवा व्हिडिओ पुढे पाठवला. दुसऱ्या कुणाचा तरी डॅश, तोच चुंबक, तीच लाल रिबन. गिऱ्हाईक तरुण आहे, पहिलीच जीप. मी त्याचा नंबर मिळवून सगळं लिहून कळवलं, लॅबच्या कागदाचा फोटोही टाकला. अर्ध्या तासानं त्याचं उत्तर आलं.

"पण काका, चुंबक तर चिकटत नाहीये ना?"