गाळा झकास, बोअरचं पाणी खारं

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरला गाडी आतून-बाहेरून मन लावून साफ करून देणारा एक पोरगा आहे. तीन वर्षं घरच्या अंगणात करायचा, यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या रोडवर गाळा भाड्यानं घेतला. मी त्याची अंगणापासूनची गिऱ्हाईक. गाळ्यावर चारदा जाऊन आले, म्हणून लिहिते.

माझी वॅगनआर, गडद निळी, सेकंडहँड. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. रोजचं जाणं-येणं ३४ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन काळ्या मातीचे. ही माती पावसाळ्यात चाकाला लागलेली ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. मडगार्डच्या आत थरावर थर बसते आणि वाळली की उलथण्यानं खरवडावी लागते.

त्याच्याकडे पहिल्यांदा गेले ती ताकापायी. एका पोरीच्या आईनं प्रेमानं दिलेली ताकाची बरणी एप्रिलच्या उन्हात मागच्या सीटखाली आडवी झाली. तिसऱ्या दिवशी गाडीत बसवेना. दोन ठिकाणी सेंट मारून घेतला, तर आंबट वासात गुलाब मिसळला, बस. या पोरानं दार उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाला, "मॅडम, आज वास मारून देतो, पन उद्या वापस येते. दोन दिस गाडी सोडा." सीटा उतरवल्या, कार्पेट उचललं, त्याच्याखालचा फोम पिळून काढला आणि सगळं अंगणातल्या पऱ्हाट्याच्या कुंपणावर वाळत घातलं. वास गेला तो गेलाच. १,२०० रुपये घेतले. तेव्हापासून मी दुसरीकडे गेले नाही.

अंगण मस्त होतं. कडुनिंबाची सावली, बसायला बाज, काकूंचा चहा. पण पॉलिश करायला ती जागा खोटी. मशीन फिरत असताना वाऱ्यानं धूळ आली की तीच पॅडखाली घासली जाते आणि बॉनेटवर गोल गोल ओरखडे पडतात. वरून लिंबोळ्या. धुतलेलं पाणी गल्लीत जायचं, त्यावरून शेजाऱ्यांशी रोजची कटकट. त्यामुळे गाळा घेतला ते बरोबरच केलं.

गाळा १० फूट रुंद, १८ फूट खोल, वर पत्रे. माझी गाडी आत घेतली की दोन्ही दारं उघडतात. माझ्या आधी बोलेरो होती, तिची एका बाजूची दारं उघडायला गाडी भिंतीला चिकटवून लावली होती. छताला ट्यूब अशा लावल्यात की रंगावरचा बारीकसा ओरखडाही लपत नाही. दोन पोरं कामाला ठेवलीत. एकाच्या हातात जाड कडं होतं, ते काढल्याशिवाय त्यानं त्याला गाडीला हात लावू दिला नाही. हे मी स्वतः पाहिलं आणि मला फार आवडलं.

भाव मात्र वाढला. बाहेरून फोमनं धुणं आणि आतून व्हॅक्यूम, अंगणात ३५०, गाळ्यात ५००. मी कुरकुर केली तर त्यानं बोटांवर मोजून दाखवलं: भाडं, तीन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, घरच्या मीटरऐवजी व्यापारी मीटर, दोन पोरांचा पगार. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, तेवढं सोपं निघालं म्हणे, माणसं कमी असली तर ऑनलाइन कळवलं की भागतं. मी ५०० दिले.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात भर दुपारी पहिल्यांदा गाळ्यावर गाडी धुतली. संध्याकाळी काही दिसलं नाही. सकाळी पाहते तर बॉनेट, छत, काचा, सगळीकडे पांढरे ठिपके. कोणी रात्री चुन्याचा ब्रश झटकून गेल्यासारखे. ओल्या फडक्यानं पुसले, वाळल्यावर पुन्हा हजर. रागानं फोन केला.

"फोनवर नोका सांगू मॅडम, गाडी आना. मले पाहू द्या."

गेले. त्यानं वाद घातला नाही. खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो), बोअरच्या बादलीत बुडवला. आकडा आला २,३४०. घरून नळाचं पाणी बाटलीत आणलं होतं, त्यात बुडवला, २१०. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. त्याच्याही वर हे.

"मालकानं सांगतलं होतं, बोअर जबरदस्त हाय. जबरदस्त हाय, खरं हाय. पन खारं हाय."

आपण पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली माणसं, इथं जमिनीखालचं पाणीच खारं. अमरावती, अकोला, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यानं गाडी धुवायची नाही, हे मलाही सुचायला हवं होतं. तापलेल्या पत्र्यावरून पाणी क्षणात उडतं आणि क्षार जागेवर बसतात. अंगणात शहानूर धरणाचं नळाचं पाणी होतं, म्हणून तीन वर्षं हा प्रश्न आलाच नाही. गाळा पाहताना त्यानं शटर मोजलं, लाइट पाहिली, रोडवरून पाटी दिसते का पाहिलं. पाणी चाखून पाहिलं नाही.

मग गाडी सावलीत थंड होऊ दिली. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून फडकं भिजवलं, एकेका भागावर मिनिटभर दाबून धरलं आणि लगेच गोड पाण्यानं धुतलं. पातेल्यातला पांढरा थर लिंबानं निघतो ना, तेच. बॉनेटवरचे काही डाग रंगात उतरले होते, तिथं मशीन फिरवावी लागली. साडेतीन तास गेले, एक रुपया घेतला नाही.

आता तो नळ आला की घरी हजार लिटरची टाकी भरतो आणि छोटा हत्ती टेम्पोत टाकून गाळ्यावर आणतो. एका गाडीला सव्वाशे लिटर धरलं तर आठ गाड्या. शेजारच्या आरओवाल्यानं (पाणी शुद्ध करून विकतो तो) वाया जाणारं पाणी फुकट देऊ केलं होतं. यानं मीटर बुडवला आणि हात जोडले, ते बोअरपेक्षा खारं. घरगुती नळावर धंदा किती दिवस चालेल हा प्रश्नच आहे, म्हणून मी त्याला पत्र्याला पन्हाळ लावायला सांगितलं. १८० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर चारशे लिटरच्या वर पाणी मिळतं. हे गणित सातवीच्या पोरांना घातलं, बाविसांपैकी सहाचं बरोबर आलं. पन्हाळ लागली आहे.

दोन तक्रारी अजून आहेत. गाडीची खालची बाजू पोरं सवयीनं बोअरच्या पाण्यानंच मारतात. वरचे डाग दिसतात तरी, खालचा गंज दिसत नाही. आधी सांगून ठेवा, "खालूनही टाकीचंच पाणी", आणि उभं राहून बघा. दुसरी तक्रार बायांची. गाळ्यांच्या त्या अख्ख्या रांगेत टॉयलेट नाही. अंगणात काकूंच्या घरात जाता यायचं; इथं दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर, समोर चहाटपरी आणि टपरीवरची सगळी माणसं. मी आता गाडी सोडून बाजार करते.

पॉलिश करायचं असेल तर डोळे मिटून जा, ते काम आता अंगणापेक्षा कितीतरी चांगलं होतं. नुसतं धुवायचं असेल तर निघण्याआधी फोन करून टाकी भरलेली आहे का विचारा. आणि शनिवारी बाराचा नंबर लावू नका. त्या दिवशी सकाळची शाळा असते, तो नंबर माझा आहे.