डोंगरासाठी टोपो नकाशे: काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत

गेले काही महिने मी एकाच डोंगररांगेचे तीन टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणारे नकाशे, सोबत घेऊन हिंडतोय: १:५०,०००चा छापील, १:२५,०००चा छापील आणि फोनवरचा ऑफलाइन. नकाशा घेताना बहुतेक जण आधी प्रमाण बघतात. तेही बघावंच, पण चढाईसाठी मी आता दोन गोष्टी त्याच्या आधी बघतो. कॉन्टूर इंटरव्हल, म्हणजे दोन समोच्च रेषांमधला उंचीचा फरक, किती मीटरचा आहे? आणि कडा, कातळ, घसारा वेगळ्या खुणांनी काढलेत की सगळा डोंगर नुसत्या तपकिरी रेषांवर सोडून दिलाय?

याचं कारण एका उतारावर नीट दिसलं. खिंडीतून एक सोंड खाली येते. १:५०,०००च्या नकाशात इंटरव्हल ४० मीटरचा, त्यामुळे ही सोंड खालपर्यंत एकसारखी उतरताना दिसते, जणू कुठूनही चालत जावं. १:२५,०००च्या नकाशात मात्र त्याच जागी दोन रेषांच्या मधोमध बारीक काळे दातेरी फटकारे आहेत. प्रत्यक्षात तिथे तीन पुरुष उंचीचा सरळसोट कातळटप्पा निघाला, त्याच्या बुडाशी सुटा घसारा. टप्पा खुणेमुळे आधीच माहीत होता, म्हणून आम्ही वरूनच डावीकडची घळ धरली. पाच-सहा मीटरचा कडा १० मीटरच्या इंटरव्हलमधूनसुद्धा निसटू शकतो. तो दाखवायचा तर कुणीतरी खूण काढावीच लागते.

या बाबतीत स्विस सरकारी नकाशांना तोड नाही. आल्प्सच्या भागात १:२५,०००वर २० मीटरचा इंटरव्हल आहे. मातीवरच्या रेषा तपकिरी, कातळ-घसाऱ्यावरच्या काळ्या, हिमनदीवरच्या निळ्या. कड्यांचं रेखाटन तर इतकं बोलकं की कुठली धार तुटलेली आहे ते घरबसल्या कळतं. ब्रिटनमधल्या हार्वी या प्रकाशकाच्या १:४०,०००च्या नकाशांवर इंटरव्हल १५ मीटरचा आहे आणि खडकाळ जमिनीवर रेषेचा रंग बदलतो. प्रमाण लहान असूनही ते पायी फिरायला सोयीचे वाटतात ते यामुळेच. अमेरिकी १:२४,०००चे नकाशे घ्याल तर एकक तपासा. तिथे रेषा बहुधा फुटात असतात, आणि ४० फूट म्हणजे जेमतेम १२ मीटर.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. १:२५,०००वर एक किलोमीटर म्हणजे ४ सेंटिमीटर, १:५०,०००वर २ सेंटिमीटर. आखणी करताना मला १:५०,०००चाच बरा वाटतो, कारण सगळी रांग, पलीकडची दरी आणि निसटायच्या वाटा एका नजरेत येतात. जागेवर मात्र १:२५,०००चा. २० मीटरच्या रेषा त्यावर एकमेकींपासून एक मिलिमीटरवर असतील तर उतार साधारण ३९ अंशांचा असतो. २० मीटरच्याच रेषांमध्ये तेवढंच अंतर १:५०,०००वर दिसलं तर उतार फक्त २२ अंशांचा. बर्फातल्या मोहिमेसाठी हे समजणं फार गरजेचं, कारण हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच सुटतात.

आता फोन. तो रोज वापरतो आणि पुढेही वापरणार, कारण आपण नेमके कुठे आहोत हे धुक्यात त्याच्याइतकं पटकन कुणी सांगत नाही. तक्रार त्यातल्या रेषांबद्दल आहे. अनेक फुकट नकाशांचे कॉन्टूर एसआरटीएम या २०००मधल्या अवकाशयानाच्या रडार मोजणीवरून आपोआप काढलेले असतात. त्यात उंचीचा एक बिंदू साधारण ३० मीटरच्या चौकोनाला मिळतो. अरुंद धार त्यात बोथट होते, चिंचोळी घळ भरून निघते. अशा माहितीवर १० मीटरच्या दाट रेषा काढल्या की नकाशा तपशीलवार दिसतो, पण तो तपशील डोंगरावर सापडत नाही.

हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे: ओढे बघा. ओढ्यापाशी समोच्च रेषा उलट्या ‘व्ही’सारखी वळते आणि तिचं टोक चढाकडे असतं. ओढ्याची निळी रेघ प्रत्येक टोकातून गेली पाहिजे. माझ्या फोनवरच्या नकाशात एके ठिकाणी ओढा चक्क शेजारच्या सोंडेवर चढलाय. म्हणजे ओढा एका स्रोतातून आलाय, उंची दुसऱ्याच, आणि त्यांचा मेळ कुणी घातलेला नाही. असं दिसलं की त्या भागातल्या बारकाव्यांवर मी भरवसा ठेवत नाही. आणखी एक गोष्ट: काही ॲपमध्ये झूम केलं की इंटरव्हल बदलतो. रेषा तेवढ्याच दाट दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. म्हणून आधी रेषेवरचा आकडा वाचायचा.

पायवाटांच्या बाबतीत मात्र फोनचे नकाशे बरेचदा छापील नकाशाच्या पुढे आहेत. फिरणारे लोकच त्या भरतात, त्यामुळे नवी वाट लवकर येते. पण तुटक रेघ म्हणजे मळलेली वाट की गुरांची, हे तिथे कळेलच असं नाही. उलट छापील नकाशात आवृत्तीचं साल आणि सर्वेक्षणाचं साल वेगळं असू शकतं. हिमनदीच्या भागात सर्वेक्षणाचं सालच महत्त्वाचं. बर्फ मागे सरलेलं असतं आणि नकाशात निळं दिसतं तिथे नुसता सुटा दगडगोटा लागतो.

कागदाबद्दल थोडक्यात: साधा कागद घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी फाटला. प्लास्टिकवर छापलेला पावसात भिजूनही वाचता येतो, वाऱ्यात उघडताना फाटत नाही. चार पैसे जास्त पडले तरी तोच घ्यावा.

समासही वाचून घ्या. चुंबकीय उत्तर कोणत्या साली किती अंश सरकलेली होती आणि दरवर्षी किती सरकते, ते तिथे दिलेलं असतं. होकायंत्रात एका अंशाची चूक झाली तर एका किलोमीटरवर सुमारे १७ मीटरने भरकटतो. धारेवरून चुकायला एवढं पुरे होतं. शिवाय फोन आणि कागद एकाच डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या एकाच पायावर, आहेत ना ते बघा. जुन्या नकाशाचा डेटम वेगळा असेल तर फोनवरचा बिंदू कागदावर शेकडो मीटर सरकलेला येऊ शकतो.

घरी छापणार असाल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा आणि आकार १०० टक्के ठेवा. नाहीतर १:२५,०००चा नकाशा गुपचूप १:२७,०००चा होतो आणि वर सांगितलेली सगळी मोजमापं चुकतात. छापून झाल्यावर पट्टी घेऊन ग्रिडचा एक किलोमीटरचा चौकोन मोजा. बाजू बरोबर ४ सेंटिमीटर भरली तरच तो कागद पिशवीत ठेवा.