स्ट्रोकनंतर सुजलेला हात आणि सुयांचे सहा महिने

डाव्या हाताने टाइप करतोय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या.

उजवी बाजू गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात हात सुजायला लागला. मुठीवरची टेंगळं दिसेनाशी झाली, हाताच्या पाठीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. हात हललाच नाही तर स्नायूंचा पंप बंद पडतो, मग पाणी खालीच साचतं, असं फिजिओने समजावलं. सुयांचा, म्हणजे अॅक्युपंक्चरचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करायला लावली. शिरेत गुठळी असली तरीही हात असाच सुजतो आणि त्याचा इलाज अगदी वेगळा असतो. ही पायरी गाळू नका.

पहिल्या ठिकाणी अनुभव वाईट आला. सुयांसोबत त्यांनी जळत्या औषधी कांडीचा शेक दिला. हाताला संवेदना नव्हती, त्यामुळे चटका बसलेला कळलाच नाही. घरी आल्यावर फोड दिसला. सुजलेल्या कातडीवरची जखम भरायला तीन आठवडे लागले. बधिर हाताला शेक देऊ नये, हे मला रुग्ण म्हणून माहीत असायची गरजच पडायला नको होती.

दुसऱ्या ठिकाणी मात्र आधी अर्धा तास नुसती चौकशी. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का (असेल तर सुयांना करंट देत नाहीत), खांदा दुखतो का. सुया प्रत्येक वेळी माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढलेल्या. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं. कोपराच्या घडीपाशी एक, मनगटाच्या वर मागच्या बाजूला एक, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात एक, आणि बोटांच्या बेचक्यांत चार. त्या चारांना बाशिए म्हणतात. करंगळीकडच्या दोन सुया मला कळायच्याच नाहीत. अंगठ्याजवळची मात्र टोचली की जडपणा सरकत मनगटापर्यंत यायचा. कित्येक आठवड्यांनी त्या हाताकडून काहीतरी निरोप आला होता. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी सुजेसाठी नाही, त्या जडपणासाठी जात होतो.

बायकोने मोजमापाची वही ठेवली. शिंप्याची टेप मनगटावरून तळहाताभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, रोज सकाळी एकाच वेळी. सुयांनंतर दुसऱ्या दिवशी टेप तीन-चार मिलिमीटर कमी दाखवायची, तिसऱ्या दिवशी परत जिथल्या तिथे. दोन महिन्यांनी सव्वा सेंटिमीटर उतरलेली दिसली आणि मी खूश झालो. पण त्याच काळात हात उशीवर छातीच्या वर ठेवणं, दिवसातून चारदा डाव्या हाताने उजव्याची बोटं उघडमीट करणं, हेही चालू होतंच.

मग दोन गोष्टी आपोआप घडल्या. सुया देणारे तीन आठवडे रजेवर गेले. व्यायाम चालू राहिला आणि सूज जेमतेम दोन मिलिमीटर वाढली. पुढे मला ताप आला. त्या आठवड्यात सुयांच्या दोन्ही खेपा झाल्या, पण उशी आणि व्यायाम सुटला. चौथ्या दिवशी टेपने जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त दाखवलं. एका माणसाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, पण ती पानं मी पुन्हा पुन्हा उलटून बघितली. स्ट्रोकनंतरच्या अॅक्युपंक्चरचा 2016 चा कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावाही फायदा असू शकतो म्हणतो, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा बेताचा असल्याने ठाम निष्कर्ष काढत नाही.

मग पैसे वाया गेले का? मला तसं वाटत नाही. सुयांनंतरचे दोन दिवस बोटं वाकवताना कळ कमी यायची, म्हणून व्यायाम नेटाने व्हायचा. माझ्यापुरता सुयांचा उपयोग तिथेच होता. बाकी काळेनिळे डाग दर वेळी पडायचे, तो गोळीचा प्रताप.

सध्या पंधरा दिवसांतून एकदा जातो. मुठीवरची दोन टेंगळं परत दिसायला लागलीत, करंगळीकडची दोन अजून गायब आहेत. आणि हो, उठवताना कुणालाही दुखऱ्या बाजूच्या काखेत हात घालू देऊ नका. खांदा निखळला की सूज, कळ, सगळंच नव्याने सुरू होतं.