संस्थापकानंतर संचालक कोण: आतला की बाहेरचा?

स्वयंसेवी संस्थेच्या संस्थापक संचालकाच्या निवृत्तीला वर्ष उरलं की पुढचा संचालक संस्थेतलाच हवा की बाहेरचा, हा वाद विश्वस्त मंडळात सुरू होतो आणि नेहमीप्रमाणे नावांपासूनच सुरू होतो. नावं नंतर. आधी दोन कागद टेबलावर हवेत: कोणत्या प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यात संपतो याचा तक्ता, आणि किती रकमेपर्यंतचा कोणता निर्णय कुणी घ्यायचा याची यादी. दुसरा कागद सहसा नसतोच. तो संस्थापकाच्या डोक्यात असतो.

हा दुसरा कागद नसेल तर बाहेरून माणूस आणू नका. त्याचे पहिले सहा महिने विचारपूस करण्यातच जातात, आणि चुका होतात त्या नेमक्या पैशांत. ठरावीक कामासाठी आलेल्या निधीतून एखाद्या महिन्याचे पगार भागवले जातात, वर्षअखेरीस लेखापरीक्षक ते दाखवून देतो, देणगीदार पुढचा हप्ता रोखतो.

आतल्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याची अडचण वेगळी: काल शेजारी बसून डबा खाल्ला, त्याच सहकाऱ्याची रजा आज नामंजूर करायची. शिवाय प्रकल्प उत्तम चालवणाऱ्याने निधी उभा केलेला असतोच असं नाही. म्हणून वर्षभर आधीच संपूर्ण संस्थेचं अंदाजपत्रक त्याच्याकडून करून घ्या, एका मोठ्या देणगीदाराचा प्रस्ताव लिहून घ्या, मंडळापुढे त्यालाच मांडू द्या. यात कच्चा निघाला तर ते वेळेत कळतं. नेमणूक झाली की त्याची जुनी जागा लगेच भरा. नाहीतर तो दोन्ही कामं ओढत राहतो आणि संचालकाचं काम मागे पडतं.

बाहेरचा माणूस उजवा ठरतो तो आत गट पडले असतील, हिशेबावरचा विश्वास उडाला असेल किंवा कामाची दिशाच बदलायची असेल तेव्हा. पण त्याचा खर्च प्रामाणिकपणे मांडा. संस्थापकाने वर्षानुवर्षं नाममात्र मानधनावर काम केलेलं असतं. नव्याला पूर्ण पगार लागतो, आणि प्रशासकीय खर्चावर देणगीदारांची मर्यादा असते. ही तफावत कुठून भरायची, याचा ठराव जाहिरातीआधी व्हावा.

संस्थापक अचानक गेला आणि आतला कुणीच तयार नसेल, तर सहा ते बारा महिन्यांसाठी हंगामी संचालक नेमावा. अट एकच: तो कायम पदाचा उमेदवार नसावा.

कुणीही आला तरी जुन्या-नव्याने एकत्र काम करण्याचा काळ चार ते सहा आठवड्यांपेक्षा लांबवू नका. बैठकीत लेखापाल प्रश्न नव्या संचालकाला विचारतो आणि उत्तरासाठी संस्थापकाकडे बघतो. हे दोन महिने चाललं की सवय पक्की होते. पदभार दिला त्याच दिवशी बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव करा, आणि संस्थापकाला किमान वर्षभर मंडळावर घेऊ नका. मोठ्या देणगीदारांची ओळख मात्र त्याने स्वतः, नव्या संचालकाला सोबत नेऊन, जाण्याआधीच करून द्यावी.