वर्गाचं हस्तलिखित गूगल डॉक्सवर: दोन सत्रं वापरल्यानंतर

शाळेतल्या हस्तलिखिताचं काम ठरलेलं असतं. अक्षर चांगलं असलेल्या तीन-चार मुली मधल्या सुट्टीत बसून सगळ्यांचं उतरवून काढतात, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ रंगवतात आणि उरलेला वर्ग प्रकाशनाला टाळ्या वाजवतो. यंदा आठवीचं हस्तलिखित आम्ही गूगल डॉक्सवर, म्हणजे इंटरनेटवर एकत्र लिहायच्या सोयीवर, केलं. विषय एकच घेतला: आपल्या गावातला १९७२चा दुष्काळ. घरोघरी आजी-आजोबांना विचारायचं आणि सगळ्यांनी एकाच फाइलमध्ये लिहायचं.

खडी फोडायची दुष्काळी कामं, तिथे खायला मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी, हे सगळं मुलांनी गोळा करून आणलं. क्रोम ब्राउझरमध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं, त्यामुळे टायपिंगची भीती लवकर गेली. पूर्णविराम-स्वल्पविराम मात्र नंतर हातानेच घालावे लागतात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सजेस्टिंग मोडचा. त्यात दुसऱ्याचं वाक्य थेट बदलत नाही. खोडलेला शब्द रेघ मारलेला दिसतो, नवा शब्द रंगीत दिसतो, आणि तो घ्यायचा की सोडायचा हे नंतर ठरवता येतं. आम्ही नियम केला की ज्याचं लेखन, तोच ठरवणार. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमच्या गावचा पाझर तलाव १९७२ साली झाला.’ शेजारच्या बाकावरच्या मुलाची कॉमेंट: ‘आमचे आजोबा तिथे कामाला होते, ते म्हणतात पुढच्या वर्षी.’ तिचं उत्तर, ‘माझी आजी पण होती.’ तिसऱ्याने लिहिलं, ‘काम सुरू कधी झालं आणि संपलं कधी, ते विचारा.’ दोघं पुन्हा घरी विचारून आली. छापलेल्या पानावर दोन्ही आठवणी आहेत, कोणी सांगितली त्यासकट. हे मी वहीत तांबड्या पेनाने दुरुस्त केलं असतं, तर मुलीने मुकाट्याने साल बदललं असतं, बस.

एकदा कोणीतरी सगळं सिलेक्ट करून उडवलं. वर्गात एकच ओरडा. व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे फाइलच्या जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांतून, पाच मिनिटांत सगळं परत आणलं आणि त्यानंतर मुलं उगाच धीट झाली, तेही बरंच झालं.

आता अडचणी. आमच्या संगणकखोलीत चालणारी यंत्रं कमी, एकेकाभोवती चार-पाच जण. हिस्टरीत नाव दिसतं ते लॉगिन केलेल्याचं; मागे उभी राहून वाक्य सांगणारी मुलगी तिथे कुठेच नसते. म्हणून हिस्टरी बघून गुण द्यायचा मोह टाळा. ‘लिंक असलेला कोणीही लिहू शकेल’ असं ठेवलंत, तर लॉगिन न केलेल्यांच्या नावाजागी अनामिक प्राणी दिसतात. मुलांना त्याची फार गंमत वाटते, पण कोणी काय लिहिलं हे कळायचा मार्ग बंद होतो. मुलांची गूगल खाती हवीतच. स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात आणि आठवीत काठावरची मुलं बरीच असतात. पात्र शाळांना वर्कस्पेस फॉर एज्युकेशन या गूगलच्या शाळांसाठीच्या सेवेची मूळ आवृत्ती मोफत मिळते, तीच घ्यावी. अर्ज वगैरे सोपस्काराला वेळ लागतो, जूनमध्येच सुरुवात करा.

नेट गेलं की तास वाया जाऊ नये म्हणून ऑफलाइनची सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी. एकाच फाइलमध्ये शंभर जण एकदम लिहू शकतात म्हणे, पण एका परिच्छेदात सहा जण घुसले की काय होतं ते बघाच एकदा! प्रत्येक गटाला वेगळं शीर्षक दिल्यावर गोंधळ थांबला.

छपाईला मुक्ता हा फॉन्ट घेतला, जोडाक्षरं स्वच्छ येतात. सुंदर अक्षरवाल्या मुली थोड्या नाराज होत्या. शीर्षकं त्यांच्याकडूनच हाताने लिहून घेतली आणि फोटो काढून फाइलमध्ये टाकली. पुढच्या आठवीला ही फाइल कॉमेंटपुरती खुली ठेवली आहे. विषय त्यांनी नवा घ्यायचा.